खांबाला सांगितलेलं

कारखाना बंद पडून तिसरं वर्ष लागलं होतं, पण भोंगा चालू होता.

ऊस नव्हता, पाणी नव्हतं, बॉयलरमध्ये पारव्यांनी संसार थाटले होते. तरीही सकाळी, दुपारी दोनला आणि रात्री तो भोंगा असा काही बोंबलायचा की परक्या माणसाला वाटावं, आत साखरेची पोती शिवायला माणसं कमी पडतायत. वाफ नाही म्हणून संचालक मंडळानं एकमतानं ठराव करून विजेवरचा भोंगा बसवला. वीज जाते म्हणून आणखी एक ठराव करून तो दवाखान्याच्या जनरेटरला जोडला. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावरचा दिवा विझला तरी एक वेळ चालेल, भोंगा विझता कामा नये. चेअरमन मोहनराव म्हणायचे, "भोंगा हाय तवर सभासदाला वाटतं, कारखाना हाय." आणि तसं खरंच वाटायचं. आसपासच्या गावांनी घड्याळं बघायची सोडून दिली होती. शाळा भोंग्यावर सुटायची, म्हशी भोंग्यावर उठायच्या, आणि वारा त्या अंगाचा असला तर मांजरसुंब्याच्या ढाब्यावरचे आचारीसुद्धा दोनचा भोंगा ऐकून पाळी बदलायचे.

दवाखाना कारखान्याचाच. त्यामुळं पूर्वी ज्या नियमानं फाटकातून साखरेची पोती बाहेर पडायची, त्याच नियमानं पेशंट बाहेर पडायचे. भोंगा झाला की डिस्चार्ज. भोंग्याआधी माणूस दवाखान्याचा, म्हणजे सिस्टरच्या जिम्म्यात. भोंग्यानंतर तो स्वतःचा किंवा देवाचा.

भिवराबाई ह्या दवाखान्यात सिस्टर होती, आणि डॉक्टर राधाकिशन तिचे चुलत सासरे होते. नोकरी लागली ती त्याच नात्यानं, आणि अडचण झाली तीही त्याच नात्यानं. सुनेनं सासऱ्याशी तोंड वर करून बोलायचं नाही, ही भावकीची रीत. घरात तिला काही सांगायचं असलं की ती मधल्या लाकडी मेढीला, घराच्या खांबाला, सांगायची. "मेढीबाई, जेवायला वाढलंय." सासरा ऐकायचा आणि मेढीला उत्तर द्यायचा. दवाखान्यात मेढ नव्हती, पण बायकांच्या वॉर्डात, तीन नंबरच्या खाटेजवळ, सिमेंटचा एक जाडजूड खांब होता. भिवरानं पहिल्याच दिवशी पांढऱ्या साडीचा पदर डोईवर ओढला आणि खांबाला म्हणाली, "पाच नंबरला उलट्या होतायत."

डॉक्टर खांबाला म्हणाले, "इंजेक्शन द्यायला सांग."

डॉक्टरांना ही पद्धत इतकी मानवली की महिन्याभरात त्यांनी सगळ्याच सिस्टर खांबाला लावल्या. नाही म्हटलं तरी सोय होती. खांब उलट विचारत नव्हता, खांबाच्या डोळ्यांत पाणी येत नव्हतं, आणि नको ती बातमी असली की खांबाकडं पाठ करता येत होती.

गेल्या साली मात्र खांबाला तोंड द्यावं लागलं. फाटकावरचा म्हाळू, जो भोंगाही द्यायचा, त्याची बायको बायनाबाई ऑपरेशनला आली होती. जानकी सिस्टरनं खांबाला सांगितलं की बाईचं पोट ताठलंय. डॉक्टरांनी खांबाला सांगितलं की भोंग्याला सोडा. म्हाळूनं भोंगा दिला, बायनाबाई सुटली, आणि फाटक ओलांडून टपरीपाशी पोचेतो गेली. चौकशी समिती बसली, चहा झाला, आणि निकाल लागला: मृत्यू फाटकाबाहेर झाला असल्यानं दवाखान्याचा संबंध येत नाही, तथापि खांबानं माहिती वेळेत पोचवली नाही असं दिसून येतं, सबब खांबास सक्त समज देण्यात यावी. समजेचा कागद खांबाला चिकटवला, आठवड्यानं काढला आणि त्या जागी चुना मारला. जानकी सिस्टरची बदली साखरेच्या गोदामावर झाली. गोदामात साखर नव्हती. तेव्हापासून ती रोज तिथं खुर्ची टाकून, नसलेल्या साखरेला मुंग्या लागू नयेत म्हणून बसून असते.

ह्या साली दसरा झाला आणि माणसं गावं सोडून निघाली. एरवी दिवाळीचा फराळ करून ऊसतोडीला जाणारे लोक ह्या वर्षी टँकरच्या रांगेला कंटाळून आधीच निघाले. मुकादम शहादेवचा ट्रक सकाळपासून दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभा होता. स्टार्टर गेलेला, म्हणून ड्रायव्हर त्रिंबक इंजिन बंदच करत नव्हता. त्याची घरघर भिंतीतून आत यायची, खाटांच्या लोखंडात शिरायची आणि औषधाच्या बाटल्या एकमेकींना हळूहळू लागत राहायच्या. वॉर्डातल्या बायकांना वाटत होतं, काहीतरी आपली वाट बघतंय. खरंच बघत होतं.

तीन नंबरच्या खाटेवर वत्सलाबाई होती. शहादेवनंच तिला आणून गर्भपिशवी काढून घेतली होती. फडात दर महिन्याला दोन-तीन दिवस बाई बसते, खाडा पडतो, ते नको, असा त्याचा सरळ हिशेब. आता ऑपरेशन झालं होतं आणि बाईनं निघायचं होतं. तिची पत्र्याची पेटी, गोधड्या आणि पाय बांधलेली एक कोंबडी ट्रकमध्ये आधीच चढली होती. बाई तेवढी चढायची राहिली होती.

तिचा नवरा उत्तरेश्वर पहिल्या दिवसापासून खांबामागं उकिडवा बसून होता. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला मनाई होती, पण खांबामागं बसलं की दारातून दिसत नाही, आणि दिसत नाही ते नियमात धरत नाहीत. बोलण्याच्या बाबतीत तो खांबाच्या वरताण होता.

सकाळी शहादेव वॉर्डात आला. पांढरे कपडे, कपाळाला बुक्का, हातात रेवड्यांची पुडी.

"नारायणगडाचा परसाद हाय, सिस्टर. घ्या." त्यानं खाटेखाटेला एकेक रेवडी ठेवली. मग वत्सलाबाईच्या पायाशी बसला. "काय वहिनी, निघायचं ना? भोंगा झाला की निघू."

वत्सलाबाईनं डोळे उघडले नाहीत.

"हिला ताप आहे," भिवरा म्हणाली.

"फडावर वारं लई गार सुटतं. उतरंल." शहादेव इतक्या मायेनं बोलला की भिवराच्या अंगावर काटा आला. गेल्या साली त्यानं बायनाबाईलाही अशीच रेवडी दिली होती. "न्हाई तर काय हुतंय सिस्टर, जोडी म्हंजे एक कोयता. बाई न्हाई तर गडी निस्ता आर्धा कोयता. आर्ध्या कोयत्यानं कुटं ऊस तुटतो व्हय?"

तो गेला. भिवरानं रेवडी खिडकीत ठेवली. दुपारपर्यंत तिला मुंगी लागली नाही.

डिस्चार्जच्या आधी पेशंटला चार गोष्टी समजावून सांगायच्या असतात. भिवरानं त्या इतक्या वेळा सांगितल्या होत्या की झोपेतही म्हणायची. ती वत्सलाबाईजवळ वाकली. "गोळ्या जेवण झाल्यावर घ्यायच्या. जड काही उचलायचं नाही. पूर्ण विश्रांती घ्यायची. आणि पाणी भरपूर प्यायचं."

वत्सलाबाईनं पहिल्यांदा डोळे उघडले. "कोनतं?" तिनं विचारलं.

  भिवरानं बाईच्या पोटावर हात ठेवला, आणि पाणी, दुष्काळ, गोळ्या सगळं डोक्यातून गेलं. पोट टणक होतं. मिरच्या वाटायच्या पाट्यासारखं. हात लागला तशी बाईनं ओठ चावला पण आवाज काढला नाही. सकाळपर्यंत ती कण्हत होती. ते कण्हणं थांबलं होतं, आणि कण्हण्यापेक्षा ते थांबणं भिवराला जास्त भ्यायला लावत होतं.

डॉक्टर राउंडला आले ते घाईत. दोनच्या भोंग्यानंतर चेअरमनसाहेबांसोबत गडावर जायचं होतं. भिवरा पदर सारखा करून खांबापुढं उभी राहिली.

"तीन नंबरला ताप उतरत नाही," ती खांबाला म्हणाली.

"ऑपरेशन झाल्यावर ताप येतो म्हणावं," डॉक्टर कागदावर सही करत म्हणाले.

"पोट पाट्यासारखं टणक आहे."

"गॅस."

"नाडी धावते आहे. लघवी उतरत नाही. उलटी झाली, ती हिरवी."

डॉक्टरांनी खांबाकडं पाहिलं. मोठ्या माणसांना लहान माणसाचा कंटाळा येतो तसं पाहिलं. "खांबा, आज फार बोलतोस बाबा."

"पोटावर हात ठेवून बघितलं पाहिजे," भिवरा खांबाला म्हणाली. आवाज थोडा चढला.

"खांबाला हात असतात का?" डॉक्टर म्हणाले. दोन-चार बायका हसल्या. डॉक्टर विनोद करतात तेव्हा हसायचं असतं. "दोनच्या भोंग्याला तीन नंबर सोडायची. पुढचा पेशंट."

भिवरा तिथंच उभी राहिली. खांबाच्या अंगावरचा चुना तिच्या बोटाला लागला होता. ज्या जागी कागद चिकटवला होता तिथंच तिनं हात टेकला होता. दोनला भोंगा होईल, बाई सुटेल, ट्रक हलेल, आणि मग वत्सलाबाई कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला, कुठल्या तरी गावाच्या हद्दीत मरेल आणि कुणाचाच संबंध येणार नाही. सगळं नियमात बसत होतं. अगदी घट्ट बसत होतं. त्यात सुई शिरायला जागा नव्हती.

फक्त भोंगा व्हायला हवा होता.

म्हाळू फाटकाशेजारच्या खोपटात भोंग्याच्या पेटीजवळ बसला होता. लाल बटण त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसून लखलखीत ठेवलं होतं.

"म्हाळूदादा, आज दोनचा भोंगा देऊ नका."

म्हाळूनं तिच्याकडं असं बघितलं की जणू ती म्हणाली, आज सूर्य मावळू देऊ नका. "सिस्टर, बाईला सरनावर ठिवून आलतो, तवा बी दिला. पाय धुवायच्या आदी दिला. आन आज कावून न्हाई द्यायचा?"

"तीन नंबरची बाई. बायनाबाईवानीच झालंय."

म्हाळूचा पुसणारा हात थांबला. बाहेर ट्रक घरघरत होता.

"खांबाला सांगितलं का?"

"सांगितलं."

"काय म्हनला?"

"सोडा म्हणाला."

म्हाळूनं आपलं उजवं बोट वर धरून बघितलं, जसं काही ते दुसऱ्याचं आहे आणि चुकून आपल्याकडं राहिलंय. "तिला मीच सोडली, सिस्टर," तो म्हणाला. "ह्या बोटानं." मग त्यानं पेटी उघडली, फ्यूज उपटला आणि चंचीत, तंबाखू-चुन्याशेजारी घालून चंची कमरेला खोवली. "आता बगू, दोन कसे वाजत्यात."

आणि दोन वाजले नाहीत.

सावली फाटकाच्या खांबाखालून सरकून पलीकडं गेली, तरी दोन वाजले नाहीत. सकाळच्या पाळीचे कामगार, ज्यांना सकाळपासून काही काम नव्हतं, ते घरी जाईनात. दुपारच्या पाळीचे, ज्यांना पुढंही काही काम नव्हतं, ते आत येईनात. फाटकाच्या दोन्ही बाजूंना माणसं डबे धरून एकमेकांकडं बघत उभी राहिली. शाळेतून पाढ्यांचा आवाज येत राहिला. एकोणतीसचा पाढा संपला आणि पुढं काय म्हणायचं हे गुरुजींनाही सुचेना तेव्हा पोरांनी पुन्हा दोनपासून सुरुवात केली. टपरीवर एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हळूच विचारलं, "कोन गेलं?"  तीन वर्षांत पहिल्यांदा लोकांना कारखाना खरोखर बंद पडल्यासारखा वाटला, आणि त्यांना भीती वाटली.

डॉक्टर पायांत बूट घालून गाडीत बसले होते. पण भोंग्याआधी जो जाईल त्याचा खाडा, हा नियम त्यांनीच चेअरमनसाहेबांना सुचवला होता. नियम स्वतःलाच आडवा आला की माणूस चिडतो. डॉक्टर चिडून वॉर्डात परत आले आणि काही करायला नाही म्हणून येरझारा घालू लागले. तीन नंबरजवळ थांबले. रिकामपणी माणूस खिडकीला हात लावतो, टेबलाला लावतो. तसा त्यांनी वत्सलाबाईच्या पोटाला हात लावला.

हात लगेच उचलला. तव्याला लागल्यासारखा.

भिवरानं त्यांचा चेहरा पाहिला. त्यात डॉक्टर होता, नक्की होता. क्षणभर वर आला आणि पुन्हा खाली गेला, विहिरीत पोहरा जातो तसा. मग ते खांबाच्या अगदी जवळ गेले, आणि जसं कुणाच्या कानात बोलावं तसं म्हणाले, "हिला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. फाटकाबाहेर. भोंगा मी देतो."

भिवराला आधी वाटलं होतं, ह्यांनी हात लावला की बाई वाचेल. तसं नव्हतं. हात लावल्यामुळंच आता घाई झाली होती.

"मामा," ती म्हणाली.

डोईवरचा पदर खांद्यावर आला होता. ती खांबाकडं बघत नव्हती.  वॉर्डातल्या दोघींनी तर डोळेच मिटले, घरातली भांडणं बघू नयेत म्हणून.

"मामा, आत काहीतरी फुटलंय. तुम्ही हात लावलाय. बीडला पाठवा हिला. वाटेत मरेल ती."

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं नाही. त्यांनी खांबाला विचारलं, "खांबा, कुणी बोललं का रे?" थोडं थांबून म्हणाले, "सूनबाईच्या घरी निरोप धाडायला पाहिजे." आणि ते भोंग्याच्या खोपटाकडं चालू लागले.

दवाखान्याला ॲम्ब्युलन्स होती, पण ती विटांवर उभी होती. तिची चाकं टँकरला लावली होती. तो ठरावही एकमतानंच झाला होता. बीडला जायला आसपास एकच वाहन होतं, आणि ते सकाळपासून फाटकाबाहेर घरघरत होतं.

"धरा," भिवरा खांबामागं बघत म्हणाली. उत्तरेश्वर उठला. दोघांनी चादरीसकट वत्सलाबाईला उचललं. भोंगा झाला नव्हता, म्हणजे पेशंट अजून दवाखान्याचा होता. आणि ह्या घटकेला दवाखाना म्हणजे भिवरा, एक सलाईनची बाटली आणि ती धरायला नसलेला हात. बाटली तिनं दातात धरली.

खोपटात डॉक्टर बटण दाबत होते. "वाजत का नाही?"

"वीज न्हाई, साहेब," म्हाळू म्हणाला.

"जनरेटर?"

"डिझेल न्हाई."

"पंखा चालू आहे तो?"

म्हाळूनं वर पंख्याकडं बघितलं. "त्यो सवयीनं फिरतोय, साहेब," तो म्हणाला, आणि फाटक उघडायला गेला.

शहादेव खूश झाला. दिवस कलायला लागला होता, त्याला निघायचं होतं. बाई आली होती, वर सोबत सिस्टर फुकट. "बीडला न्यायची हिला," भिवरा ट्रकवर चढत म्हणाली. "बगू की मांजरसुंब्याला," तो म्हणाला आणि तिच्याही हातावर एक रेवडी ठेवून केबिनमध्ये जाऊन बसला.

मागं पेट्या, गोधड्या, भांडी आणि त्यांच्यावर बसलेल्या जोड्या.  लोकांनी पाय आवळून जागा केली. वत्सलाबाईचं डोकं भिवराच्या मांडीवर, बाटली लोखंडी पट्टीला बांधलेली, आणि उत्तरेश्वर उभा. कोंबडी भिवराकडं एका डोळ्यानं बघत होती. रस्त्याच्या कडेनं टँकरसाठी लावलेल्या घागरींची रांग सुरू झाली ती संपेचना. लाल, निळ्या, पत्र्याच्या. घागरींजवळची माणसं मान वर करत नव्हती. ट्रक गेला तरी नाही. भिवराच्या बोटाखाली नाडी धावत होती, बारीक, दाव्यातून सुटलेल्या वासरासारखी, आणि मधूनच कुठं पडत होती.

भोंगा झाला नव्हता, म्हणून तिची ड्युटी चालू होती. ती ह्या एका गोष्टीला धरून बसली होती.

मांजरसुंब्याच्या चौकात ट्रक हळू झाला. तिथून एक रस्ता बीडला जातो, दुसरा पाटोद्यावरून खाली उसाच्या मुलुखात. ट्रक थांबला, आणि तेवढ्यात मागून, उजाड माळांवरून, तो आवाज आला. आधी बारीक, मग लांबलचक. डॉक्टरांना फ्यूज सापडला होता, का दुसरा आणला होता, कोण जाणे. चौकातल्या सगळ्या माना एकदम वळल्या. ढाब्यावरच्या आचाऱ्यानं उलथणं खाली ठेवलं आणि दुसऱ्यानं उचललं.

शहादेव केबिनमधून उतरून मागं आला. हसत होता. "सिस्टर, भोंगा झाला. बाई सुटली. तुमी बी सुटल्या. उतरा, हितून परतीची जीप मिळंल."

"बीडला न्यायचीय."

"कुनाला इचारून? डॉक्टरसाहेबांची सही हाय. सही झाली, भोंगा झाला. आता ती तुमची पेशंट न्हाई, माझा कोयता हाय." अजूनही तो मायेनंच बोलत होता. "उतरा, सिस्टर. उगा लोकात तमाशा कशाला?"

भिवरानं ट्रकमधल्या माणसांकडं बघितलं. सगळे पायांकडं बघत होते. ह्या सगळ्यांना जिथं जायचं होतं तो रस्ता दुसरा होता.

"तीन नंबरला ताप उतरत नाही."

कुणीतरी बोललं होतं. आवाज अनोळखी होता, कारण तो कुणी ऐकलाच नव्हता. उत्तरेश्वर उभा होता तिथूनच, समोर बघत, शाळेत उभं राहून धडा म्हणावा तसं म्हणत होता, आणि त्याच्या बोलीत नाही, भिवराच्या.

"पोट पाट्यासारखं टणक आहे. नाडी धावते आहे. लघवी उतरत नाही. उलटी झाली, ती हिरवी. पोटावर हात ठेवून बघितलं पाहिजे."

एक शब्द सुटला नाही.

"काय बे?" शहादेव म्हणाला.

"मला कुनीच सांगितलं न्हाई, मुकादम," उत्तरेश्वर आता आपल्या बोलीत आला. "त्या खांबाला सांगत व्हत्या. मी खांबामागं बसलतो. समदं ऐकलं."

"मंग? तू डॉक्टर झाला काय?"

"न्हाई. मी आर्धा कोयता हाय." त्यानं गोधड्यांखाली हात घालून आपला कोयता काढला. ट्रकमध्ये कुणी हललं नाही. शहादेवचं हसू तोंडावर तसंच राहिलं, उतरायचं विसरून. उत्तरेश्वरनं कोयता उलटा धरला आणि त्याच्या पाठीनं केबिनच्या टपावर वाजवलं. ठण. ठण. "त्रिंबकभाऊ, बीड."

ऊसतोडीच्या ट्रकचा ड्रायव्हर टपावरची थाप ऐकतो. कोण मारतंय हे बघायची त्याला सवय नसते. ट्रकनं गिअर घेतला आणि बीडच्या रस्त्याला लागला. शहादेवला धोतर सावरत पळत येऊन केबिनचं दार धरावं लागलं.

बीडच्या मोठ्या दवाखान्यात आत घेतल्यावर एक डॉक्टरीणबाई आल्या. वयानं लहान, केसांत पेन खोवलेलं, डोळे झोपेनं सुजलेले. "कधीपासून आहे हे? काय काय झालं?" त्यांनी विचारलं, आणि त्या भिवराकडं बघत होत्या.

भिवरानं सवयीनं खांब शोधला. त्या खोलीत खांब नव्हता. भिंती होत्या, पण त्या लांब होत्या.  तिचा हात पदराकडं गेला.

उत्तरेश्वरनं ते पाहिलं. तो गुमान पुढं आला आणि भिवरा आणि डॉक्टरीणबाईंच्या बरोबर मधे, हात अंगाला चिकटवून, मान ताठ करून उभा राहिला. अंगावर चुना लागलेला होताच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे काय करतायत?"

भिवरानं त्याच्या पाठीकडं बघितलं. मग त्याला दंडाला धरून बाजूला केलं. "सरका, उत्तरेश्वरदादा," ती म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत बघून सगळं सांगितलं. ताप, पोट, नाडी, लघवी, हिरवी उलटी, आणि कुणी हात लावला होता आणि लावल्यावर काय म्हणाला होता, तेही.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला. हात तिथंच राहिला. मग त्या ओरडल्या, माणसं धावली, स्ट्रेचर आलं, आणि झुलती दारं वत्सलाबाईच्या मागं दोन-तीनदा हलून बंद झाली.

"सिस्टर," उत्तरेश्वर म्हणाला, "जगंल का?"

"माहीत नाही," भिवरा म्हणाली. तिनं ते सरळ त्याला सांगितलं.

दोघं बाकावर बसले. पॅसेजच्या टोकाला शहादेव उभा होता. पुडी उघडून तो दरवाजावरच्या शिपायाला मायेनं प्रसाद देत होता, आणि विचारत होता, "हितं सुटी कोन देतं, भाऊ?"

बाहेर ट्रकचं इंजिन चालूच होतं.